चौदा सुया: कुत्रा, मांजर आणि 'टोचायचे कोणाला?' हा जुना प्रश्न

"कुत्रा चावला तर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील!" हा धाक ऐकत आपण सगळेच लहानाचे मोठे झालो. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आज विशी-पंचविशीत असलेल्यांपैकी फार थोड्यांनी ती प्रत्यक्ष घेतली असेल. तरीही आमच्या कळमेश्वरात एखादे पोर कुत्र्यावर दगड भिरकावताना दिसले, की कोणीतरी वयस्क माणूस बेंबीभोवती बोट फिरवून दाखवतोच. लस गेली, तिची भीती मागे राहिली.

ते बोट पाहताना मला नेहमी एक साधा प्रश्न पडत आला आहे. आपल्याकडे माणसाला रेबीज होतो तो बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यातून. कुत्र्याला तो होऊच दिला नाही, तर माणसापर्यंत तो पोचण्याची वाट जवळजवळ बंद होते. मग शंभर वर्षे सुई माणसाच्याच पोटात का टोचली गेली? कुत्र्याला टोचण्याची कल्पना कोणाला सुचली नाही, की सुचूनही अमलात आली नाही? आजचा धागा या प्रश्नाचा आहे. तो लांबणार आहे. मुंबई, पुणे, कसौली, अमरावती असा फिरून पुन्हा आमच्या काटोल रोडवर येईल.

रोगाची ओळख आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषांच्या चर्चेत पिसाळलेल्या कुत्र्याचे वर्णन येते: शेपूट, जबडा आणि खांदे गळालेले, तोंडातून लाळ वाहत असलेली, ऐकू येईना, दिसेना अशी अवस्था. 'अलर्क' हा शब्द तिथलाच. दंश झालेल्या माणसाला पाण्याची भीती वाटू लागली की तो वाचत नाही, हेही तिथे स्पष्ट नोंदवलेले आहे, आणि ते निरीक्षण आजही खरे आहे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर खात्रीचा इलाज अजून नाही. सुश्रुताचा उपाय असा की जखमेतून रक्त वाहू द्यावे आणि ती कढत तुपाने भाजावी. उपाय भयंकर वाटतो, पण विष जखमेतच अडवावे ही त्यामागची दिशा चुकीची म्हणता येत नाही. आजचे डॉक्टरही पहिल्यांदा जखमेकडेच वळतात. फक्त तुपाच्या जागी साबण आणि वाहते पाणी, पंधरा मिनिटे. (मिरची, चुना, हळद काहीही भरू नका. धागा इतिहासाचा असला तरी एवढे सांगून ठेवते.)

कुत्र्याशी आपले नाते तसे दुहेरीच राहिले. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाच्या सोबत कुत्रा, कोरडी भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. आणि त्याच अंगणात दिवसभर 'हाड हाड'. कुत्रा घराचा नसे, गल्लीचा असे. त्याला उरलेली भाकर मिळे, तो रात्री भुंकून राखण करी, मात्र त्याचा मालक कोण असे विचारले तर कोणाचेच नाव सांगता येत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ इथेच सुरू होतो.

वसाहतकालीन कायद्याला असे नाते समजत नव्हते. त्याच्या लेखी कुत्रा एक तर कोणाच्या तरी मालकीचा, नाही तर बेवारस. मुंबईत उन्हाळ्याच्या ठरावीक आठवड्यांत बेवारस कुत्री मारण्याचा नियम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून होता. १८३२ मध्ये ही मुदत वाढवण्यात आली. दर कुत्र्यामागे बक्षीस ठरलेले असल्याने शिपायांचा उत्साह वाढला आणि घराच्या उंबऱ्यावरची, कधी आतलीही कुत्री ओढून नेली जाऊ लागली. ६ जून १८३२ हा पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी फोर्ट भागात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर पारशांचा जमाव चालून गेला. जरथुष्ट्री धर्मात कुत्र्याचे स्थान मोठे. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडू देण्याचा 'सगदीद' हा विधी अंत्यसंस्काराचाच भाग आहे. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन, मुसलमान दुकानदारही सामील झाले, बाजार बंद पडला आणि कुलाब्याच्या छावणीला जाणारे अन्नधान्यही अडले. अखेर सैन्य बोलवावे लागले, धरपकड झाली, खटले चालले. पुढे जमशेटजी जीजीभाईंसारख्या शेटियांच्या मध्यस्थीने तडजोड निघाली: कुत्री मारायची नाहीत, शहराबाहेर नेऊन सोडायची.

या घटनेला 'मुंबईची कुत्र्यांची दंगल' असे गमतीदार नाव पडले आहे आणि समाजमाध्यमांवर ती गंमत म्हणूनच फिरते. मला ती गंमत वाटत नाही. सरकारचा दावा पिसाळलेल्या कुत्र्यांपासून नागरिकांना वाचवण्याचा होता आणि तो खोटा म्हणता येणार नाही. जमावाचा दावा होता की हा कुत्रा आमचा आहे, भले त्याच्या गळ्यात दोरी नसेल. दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर होत्या, आणि त्या वेळच्या विज्ञानाकडे दोघांना देण्यासारखे तिसरे काहीच नव्हते. मारणे आणि हाकलणे एवढे दोनच पर्याय उपलब्ध होते.

दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वरात मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. जमशेटजी तिथेही होते. पांजरपोळ म्हणजे आसरा. तिथे जनावर जगे, क्वचित बरेही होई, पण तो दवाखाना नव्हता. दवाखाना यायला आणखी अर्धे शतक लागले. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी मुंबईत मंडळ स्थापन झाले आणि दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले. पेटिटांच्या पत्नीच्या नावाचे हे रुग्णालय आजही त्याच ठिकाणी आहे. त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जेम्स हेन्री स्टील हे लष्करी पशुवैद्य त्याचे पहिले प्राचार्य. घोड्याउंटांना होणाऱ्या 'सर्रा' रोगावरचे त्यांचे काम प्रसिद्ध आहे. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८९ च्या डिसेंबरात, आल्फ्रेड लिंगार्ड यांच्या हाताखाली पुण्यात इम्पीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली; १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली.

घोडा, उंट, बैल. सर्रा, बुळकांडी, फऱ्या. सरकारी पशुवैद्यकाची सगळी शब्दसंपदा या जनावरांभोवती फिरते. घोडदळाला घोडा हवा होता आणि शेतसाऱ्याला बैल. कुत्र्यामांजरांवर कोणी उपचारच करत नव्हते असे नाही. परळच्या दवाखान्यात तीही येत. पण रोगप्रतिबंध, म्हणजे रोग होण्याआधी सरकारने पैसा खर्च करणे, हे ज्या जनावराची बाजारात किंमत होते त्याच्याच वाट्याला आले. गल्लीतल्या कुत्र्याची किंमत शून्य होती. उलट मेल्यावरच त्याचे पैसे मिळत.

याच सुमारास पॅरिसमध्ये प्रश्नाची दिशा बदलली. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला कुत्रा चावल्यानंतरची लस टोचण्यात आली आणि तो वाचला. चावल्यानंतर लस देऊन उपयोग होतो याचे कारण असे की विषाणू मज्जातंतूंतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. सहसा काही आठवडे ते काही महिने जातात. या अवधीत शरीराला सज्ज करता येते. मात्र पाश्चर यांनी आपल्या लसीचे आधीचे प्रयोग कोणावर केले होते? कुत्र्यांवर. कुत्र्याला लस देऊन रेबीजपासून वाचवता येते हे माणसाला पहिली सुई टोचण्यापूर्वीच माहीत झाले होते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे.

भारतात पहिली पाश्चर संस्था १९०० मध्ये कसौलीला निघाली. त्याआधी गोऱ्या सैनिकांना उपचारासाठी पॅरिसला पाठवले जाई, बाकीच्यांचे नशीब. कसौली निघाल्यावरही नागपूरच्या परिसरातल्या माणसाला हा प्रवास केवढा होता याची कल्पना करा. इटारसीकडे जाणारा सरळ लोहमार्ग, जो आज कळमेश्वरवरून जातो, तेव्हा झालेला नव्हता. आधी पश्चिमेला भुसावळ, तिथून खंडवा, इटारसी, मग उत्तरेकडे, शेवटी कालका आणि तिथून डोंगर चढून वर. पिसाळलेला कुत्रा चावलेले मूल मांडीवर घेऊन, एकेक दिवस मोजत, अनोळखी मुलखातून.

ही यातायात संपवली ती डेव्हिड सेंपल यांनी. कसौलीच्या संस्थेचे संचालक असताना त्यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूत वाढवलेला विषाणू कार्बॉलिक आम्लाने मारून लस बनवण्याची पद्धत मांडली. ही लस बाटलीत भरून दूर पाठवता येई. रुग्णाने संस्थेपर्यंत जाण्याऐवजी लसच रुग्णापर्यंत येऊ लागली. पुढे परळच्या हाफकिन संस्थेतही ती बनू लागली आणि हळूहळू जिल्ह्याच्या, तालुक्याच्या दवाखान्यांत पोचली. तिने असंख्य जीव वाचवले, हे आधी मान्य करू. पण तिच्यात मेंदूचा अंश असल्यामुळे काही रुग्णांच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटे. लकवा येई, क्वचित मृत्यूही. श्रीमंत देशांनी ती केव्हाच सोडली. जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षे ती थांबवा म्हणून सांगत राहिली. आपण ती २००४ पर्यंत चालू ठेवली, कारण ती स्वस्त होती.

माझ्या आजोबांनी ती घेतली होती. ती गोष्ट घरात अनेकदा सांगितली जाई, आणि दर वेळी तिच्यात एक तपशील ओझरता येऊन जाई: कुत्र्याला त्याच संध्याकाळी काठ्यांनी मारून गावाबाहेर पुरले. लहानपणी मला तो शेवट योग्य वाटे. पुढे कळले की चावणारे कुत्रे दहा दिवस बांधून ठेवून पाहायचे असते. दहा दिवसांनंतरही ते धडधाकट असेल, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असे मानता येते आणि सुरू केलेले उपचार पुढे थांबवता येतात. कुत्रे मारून पुरले, म्हणजे पुरावाच पुरला. मग उरलेल्या सगळ्या सुया घ्याव्याच लागणार. आजोबांच्या चौदांपैकी किती अनावश्यक होत्या हे आता कोणालाच सांगता येणार नाही. अशी गोष्ट विदर्भातल्या किती घरांत घडली असेल!

आता थोडे मांजराकडे. कुत्रा या कथेत आरोपी आहे. मांजर मात्र एकदा चक्क आरोग्यखात्याचा शिपाई झाले, आणि तेही आपल्या वऱ्हाडात. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग पुढच्या दशकात मध्य प्रांत-वऱ्हाडात पसरला होता. उंदीर आणि त्याच्या अंगावरची पिसू यांच्यामार्फत तो पसरतो, हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत मांडले होते आणि १९०५ नंतरच्या प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी ते पक्के झाले. तेव्हा अमरावतीचे सिव्हिल सर्जन असलेले अँड्र्यू ब्युकॅनन यांनी गावोगाव एक विलक्षण मोजणी केली: कोणत्या गावात किती घरांत मांजर आहे आणि तिथे प्लेग कितपत आला? त्यांचा निष्कर्ष असा की जिथे निम्म्याहून अधिक घरांत मांजरे होती, ती गावे बहुधा वाचली. १९०८ च्या सुमारास त्यांनी हा विचार ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांतून हिरिरीने मांडला. गावकऱ्यांना उंदीर मारण्याचे पाप नको होते आणि सापळे लावण्याचा कंटाळाही होता. मांजर पाळायला मात्र कोणाची हरकत नव्हती. मला ब्युकॅनन आवडतात, कारण सक्ती, विलगीकरण आणि घरे रिकामी करण्याच्या त्या काळात लोकांना सहज पटेल असा उपाय शोधणारे ते एक डॉक्टर होते.

त्यांच्या मांजरांनी प्लेग खरोखर अडवला का, यावर तेव्हाही शंका घेतली गेली. आज आपल्याला माहीत आहे की मांजरालाही प्लेग होतो, तोही गंभीर, आणि ते तो माणसाला देऊही शकते. त्या मोजणीत एक रकाना राहिलाच होता: उंदरामागे धावलेल्या मांजरांचे पुढे काय झाले? शिपाई म्हणून त्यांची नेमणूक झाली, त्यांच्या तब्येतीची नोंद कोणी ठेवली नाही.

पुन्हा मूळ प्रश्नाकडे. कुत्र्याला लस देण्याची कल्पना सुचली नव्हती का? सुचली होती, आणि आशियातच. १९२१ मध्ये जपानी संशोधक उमेनो आणि दोई यांनी कुत्र्यासाठी एकाच मात्रेत देता येईल अशी लस प्रसिद्ध केली. १९५० मध्ये जपानने कायदाच केला: प्रत्येक कुत्र्याची नोंद आणि प्रत्येक कुत्र्याला लस. मोकाट कुत्री पकडून मारण्याचे कामही सोबत चालले, हेही सांगितले पाहिजे. परिणाम असा की १९५७ मध्ये एका मांजरात आढळलेला रेबीज हा त्या देशातल्या प्राण्यांतला अखेरचा स्थानिक रेबीज ठरला. युद्धात बेचिराख झालेल्या देशाने सात वर्षांत हे केले.

आपल्याकडे अडचण पैशाची होतीच, पण मला त्याहून मोठी वाटते ती खात्यांची वाटणी. चावलेला माणूस आरोग्य खात्याचा. गाय, बैल, म्हैस पशुसंवर्धन खात्याची. मोकाट कुत्रा नगरपालिकेचा, आणि नगरपालिकेला त्याच्याशी करण्यासारखे एकच काम ठाऊक होते: विष घालणे किंवा काठी चालवणे, मोठ्या शहरांत पुढे विजेचा झटका. कुत्र्याला लस द्यायची तर ती कोणाच्या अंदाजपत्रकातून? ज्याला मालक नाही त्याच्यासाठी सुई कोण विकत घेणार? १८३२ च्या कायद्यातला 'बेवारस' हा शब्द स्वातंत्र्यानंतरही कार्यालयांच्या फायलींत तसाच बसून राहिला.

मारून कुत्री कमी होत नाहीत, हा अनुभव मात्र साचत गेला. एका गल्लीतली मारली की अन्नाच्या ओढीने शेजारची तिथे येतात, आणि नव्याने येणारी, न टोचलेली कुत्री रोगाला वाट करून देतात. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ मध्ये केंद्राने नियम केले: मोकाट कुत्री पकडायची, निर्बीजीकरण करायचे, रेबीजची लस द्यायची आणि जिथून आणली तिथेच सोडायची. १८३२ च्या तडजोडीशी हे ताडून पाहा. तेव्हा कुत्रे शहराबाहेर नेऊन सोडायचे ठरले होते. आता त्याच गल्लीत, पण टोचून. २०२३ मध्ये हे नियम नव्याने लिहिले गेले.

वाद मिटला असे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले की ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने आधी ती सगळी निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांनी तो बदलून, लस देऊन परत सोडण्याची वाट पुन्हा मोकळी केली. निकालपत्रांची भाषा आजची असली, तरी मुद्दा फोर्टातल्या त्या दुकानदारांचाच आहे: गल्लीतला कुत्रा कोणाचा?

गोव्याने या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहिली नाही. गेल्या दशकात तिथे 'मिशन रेबीज' ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून गावोगाव जाळी घेऊन माणसे पाठवली. मालकाचा असो वा रस्त्यावरचा, समोर येईल तो कुत्रा टोचायचा, रंगाची खूण करायची, मोबाइलवर नोंद करायची. वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्री. शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याशी कसे वागायचे ते शिकवले गेले; पिसाळल्यासारखे कुत्रे दिसले तर कळवायला दूरध्वनी क्रमांक दिला गेला. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला, माणसांचे मृत्यू थांबले, आणि २०२१ मध्ये सरकारने गोवा 'रेबीज-नियंत्रित' जाहीर केला. कुत्री कमी झाली नव्हती. ती टोचलेली होती. यातला निर्णायक आकडा ७० टक्क्यांचा: एखाद्या भागातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळत राहिली की रोगाची साखळी तुटते. 'मिळत राहिली' या शब्दांवर भर आहे, कारण दरवर्षी नवी पिल्ले येतात आणि जुन्या लसीचा जोर ओसरतो. एकदा शिबिर घेऊन फोटो काढले, की पुढच्या पावसाळ्यात आकडा पुन्हा खाली.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या सर्वेक्षणानुसार देशात वर्षाला सुमारे ५,७०० माणसे रेबीजने मरतात. वीस वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणाचा अंदाज २० हजारांच्या आसपास होता. दोन्ही मोजण्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत. तरी घट झाली आहे हे दिसते. पण ५,७०० हा आकडा अशा रोगाचा आहे ज्याची लस १८८५ पासून जगाजवळ आहे.

आता काटोल रोड. कळमेश्वरहून नागपूरला शिरताना गोरेवाड्याच्या पुढे सेमिनरी हिल्स लागते. तिथले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ चे, नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात होते त्या काळातले; २००० पासून नागपुरातच मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे ते घटक आहे. आमच्या भागातून तिथे पूर्वी गाभण गाय किंवा लंगडणारा बैल टेम्पोत घालून नेला जाई. आता दुचाकीवर, पुढे पिशवीत बसवलेले पिल्लू घेऊन जाणारी मुले दिसतात. पार्व्हो हा त्यांच्या तोंडचा शब्द आहे. कुत्र्यांचा हा रोग जगाला १९७८ नंतर माहीत झाला आणि बघता बघता सगळीकडे पसरला. सहा-आठ आठवड्यांपासून पहिली मात्रा, तीन महिन्यांच्या आसपास रेबीजची, मग दरवर्षी, हे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ असते. मांजरांच्या बाबतीत मात्र अजून सामसूम. घराघरांत मांजर आहे, दूधही मिळते, पण तिला सुई द्यायची असते हे ऐकून लोक हसतात. मांजरालाही रेबीज होतो आणि तिच्या चाव्यातून, ओरखड्यातून तो माणसाकडे येऊ शकतो. जपानमधला तो अखेरचा प्राणी मांजरच होता, हे सांगितल्यावर हसणे जरा थांबते.

पिशवीतल्या पिल्लाला मालक आहे. बसस्थानकामागच्या कुत्रीला आणि तिच्या पाच पिल्लांना अजून नाही.

पुढचा धागा पुण्याच्या त्या प्रयोगशाळेवर आणि ती मुक्तेश्वरला का हलवली गेली यावर. तोवर एक काम करा. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, चौदा सुया कोणी घेतल्या होत्या, कुठल्या वर्षी, कोणत्या गावात. आणि हेही विचारा की त्या कुत्र्याचे पुढे काय झाले. उत्तरे इथे खाली लिहिलीत तर मी ती गाववार मांडून ठेवीन.